सतरा नंबरच्या बाई

"माप चुकलेलं नाही," टेलरकाकू म्हणाल्या. "बाईच बदलल्यात."

भाचीने फोन पुन्हा त्यांच्या पुढ्यात धरला. पडद्यावर एका बाईची नुसती रेघांची आकृती होती. चेहरा नाही, केस नाहीत, हातांना बोटं नाहीत. खांद्यापासून घोट्यापर्यंत बत्तीस मापं, आणि डोक्याच्या जागी आकडा, सतरा. छातीच्या डाव्या बाजूला एक पिवळा ठिपका लुकलुकत होता आणि खाली ओळ आली होती : दोन बाजूंत फरक जास्त आहे. दुरुस्त करू?

"मावशी, उभी राहताना तिरकी झाली असेल ती. नाहीतर फोन तिरका ठेवला असेल. होतं असं. आपण 'हो' म्हटलं की ते दोन्ही बाजू सारख्या करून देतं."

"तिरकी झाली असती तर कंबर तिरकी आली नसती का? कंबर बघ. खालचा घेर बघ. सगळं जागच्या जागी आहे." काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि हात बघ. मागच्या सहा वेळा दोन्ही हात कानापर्यंत गेले होते. या वेळी डावा खांद्याशीच थांबलाय."

भाचीचं बोट 'हो'च्या वर तसंच राहिलं. मग तिने फोन हळूच बेतायच्या टेबलावर ठेवला, पडदा खाली करून.

काकूंचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. बेतायचं मोठं टेबल, एक पायाचं मशीन, एक विजेचं, आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. चाळीस वर्षांत त्या आरशासमोर सगळ्या वस्तीतल्या बायका उभ्या राहून गेल्या होत्या. काकूंना माणूस चेहऱ्याआधी खांद्यावरून ओळखू यायचं. बाजारात पाठमोरी बाई दिसली की मनात आधी मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, गोल यायचा, नाव मागाहून. पुढे तयार कपड्यांची दुकानं निघाली आणि एकेक खांदा यायचा बंद झाला. लोक यायचे ते चेन बदलायला नाहीतर पँट आखूड करायला. "सुतार होते मी, आता खिळे ठोकून देते," काकू म्हणायच्या, आणि ते हसत म्हणायच्या म्हणून कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी भाचीने त्यांच्या हातात फोन दिला. बायकांच्या छोट्या धंद्यांना परदेशातलं गिऱ्हाईक गाठून देणारी एक जागा तिला इंटरनेटवर सापडली होती. तिकडची बाई आपल्या घरात फोनसमोर उभी राहते, एक गिरकी घेते, हात वर करून खाली आणते. फोन तिची मापं काढतो आणि इकडे धाडतो. नाव नाही, फोटो नाही, फक्त नंबर. काही विचारायचं असलं तर काकूंनी आपल्या भाषेत बोलायचं, यंत्र ते तिच्या भाषेत करून देतं.

"पण त्यांना विकायचं काय? कपडे काय तिकडे मिळत नाहीत?" काकूंनी विचारलं होतं.

"तुझे खिसे," भाची म्हणाली होती.

काकू सुती लांब झगे शिवायच्या, आणि त्यांना बाजूच्या शिवणीत लपलेले, मनगटापर्यंत हात जाईल असे खिसे ठेवायच्या. बाईला खिसा नसला की तिचा एक हात जन्मभर अडकलेला, ही त्यांची जुनी तक्रार. ती तक्रार जगभरच्या बायकांची निघाली. गल्लीतल्या तिघी जणी शिवायला येऊन बसू लागल्या. काकूंचे यजमान आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून लोकांच्या बस मोजायचे. ते आता पार्सलं बांधू लागले. ज्या देशांची नावं त्यांनी कधी ऐकली नव्हती ती ते सुवाच्य अक्षरात लिहायचे आणि दोरीची गाठ मारताना म्हणायचे, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे."

पायमशीन सुरू झालं की काकूंचं मन भलतीकडेच निघून जाई. चाकाचा तो एकसुरी आवाज आणि सुईखालून वाहत जाणारं कापड. बघता बघता खोलीत बायका वावरायला लागायच्या. बिनचेहऱ्याच्या, पण काकूंना पुरत्या ठाऊक असलेल्या. चार नंबरच्या बाई जरा पोक काढून चालायच्या, उंच मुली शाळेत असल्यापासून चालतात तशा. अकरा नंबरचं पोट दर महिन्याला वाढत गेलं आणि मग एकदम उतरलं, तेव्हा काकूंनी कुणाला न सांगता त्या दिवशी गोड केलं. दुपारच्या उजेडात कापडाचे कण तरंगत असायचे आणि त्यांतून त्या बायका टेबलाला वळसा घालून, आरशात न दिसता, आपापल्या कामाला निघून जायच्या. कंडक्टर मधेच डोकावून विचारायचे, "आज गाडीत किती जण?"

"पाच," काकू शिवण न सोडता सांगायच्या.

सतरा नंबर त्यांतल्या जुन्या. पहिल्याच मागणीत त्यांनी लिहिलं होतं, खिशात झाडं छाटायची कात्री मावली पाहिजे. तेव्हापासून काकूंनी त्यांना मनातल्या मनात एक बाग देऊन टाकली होती. लांबलचक, मागे दगडी भिंत, भिंतीवर चढलेला वेल. त्या बागेत सतरा नंबर उन्हं कलेपर्यंत असायच्या. उजवा खांदा किंचित खाली, म्हणजे वर्षानुवर्षं त्या खांद्यावरून जड पिशवी नेली असणार.

एकदा काकूंनी त्यांना फोनवर विचारलं होतं, "कडेला दोन बोटं माया ठेवू का?" शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. शिंप्याचा रोजचा शब्द. यंत्राने तो नेला आणि भाची फोन बघून हसत सुटली. "मावशी, त्याने विचारलंय, कडेला दोन बोटं प्रेम ठेवू का."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं मग, काय म्हणाल्या त्या?"

"'ठेवा. जमलं तर दोन्ही बाजूंनी.'"

त्या दिवसानंतर काकू सतरा नंबरचा झगा गल्लीतल्या तिघींपैकी कुणाला देत नव्हत्या. स्वतः शिवायच्या.

आणि आता हे माप.

"मी त्यांना विचारते," भाची म्हणाली.

"काय विचारशील? बाई, तुमचं डावीकडे काय झालं म्हणून?"

"मग 'दुरुस्त' दाबू या. ते जे माप देतं तेच आपण शिवायचं. जबाबदारी त्यांची. मावशी, दोन झगे परत आलेत या वर्षी. तिसरा आला तर आपण पहिल्या पानावरून जाऊ. मग कोण शोधत येतंय आपल्याला? त्या तिघींनी काय करायचं?"

हे खरंच होतं. समोर सतरा नंबरचं कापड पडलं होतं, फिकट निळं, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा. त्यावर हात फिरवताना त्यांना दुसरंच कापड आठवत होतं.

भाचीची आई म्हणजे काकूंची थोरली बहीण. दोघी एका साच्यातल्या. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या तर कंडक्टरसुद्धा फसायचे. नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊन दवाखान्यातून आल्यावर ती चार झगे घेऊन याच खोलीत आली होती. "जरा आत घे गं," एवढंच म्हणाली. काकूंनी घेतले आत. डावीकडे जेवढे, तेवढेच उजवीकडे. नीट सारखे. बहिणीकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. दोघी मग हवापाण्याचं बोलत बसल्या. बहीण दीड वर्षाने गेली, तेव्हा तिचे कपडे आवरताना काकूंना ते झगे सापडले. प्रत्येकाच्या आत, डाव्या बाजूला, घडी घातलेला रुमाल. आयुष्यात सुई न धरलेल्या हाताने घातलेले धावदोरे, वेडेवाकडे, कुठे मोठे, कुठे गाठी पडलेले.

"तुझ्या आईने ते रुमाल," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. इतक्या वर्षांत हा विषय त्यांनी काढला नव्हता.

"सुई मीच ओवून द्यायचे," भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आई म्हणायची, मावशीला सांगू नकोस. तिने इतकं नीट शिवून दिलंय, तिला वाईट वाटेल."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग काकू उठल्या, गळ्यातला टेप काढला आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

काकूंनी त्या दुपारी जे केलं ते बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणा वाटला असता. त्यांनी डोळे मिटले आणि सतरा नंबरना बागेतून बोलावून घेतलं. त्या आल्या. आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. काकूंनी हवेत टेप धरला. खांद्यापासून खांदा. पाठीची रुंदी. मग पुढून, उजवीकडे जितका गोल तितका, आणि डावीकडे सरळ. सरळ म्हणजे नुसतं सपाट नाही. तिथे कातडी ओढलेली असते, शिवणीचा काठ घासला तर हुळहुळते. हात वर जात नाही, म्हणजे डोक्यावरून घालायचा झगा चालायचा नाही. पुढून उघडा हवा. बटणं मोठी हवीत, उजव्या एका हाताने लागतील अशी.

"कोण आलंय?" दारातून कंडक्टरांनी विचारलं.

"सतरा नंबर."

त्यांनी खोलीत बघितलं, बायकोच्या हातातला हवेत गोल धरलेला टेप बघितला. "मग चहा दोन कप टाकतो," म्हणाले, आणि आत गेले.

यंत्राची समजूत घालणं भाचीकडे आलं. 'दुरुस्त'ला 'नाही' म्हटल्यावर त्याने तीनदा विचारलं. मग एक नवीन पान उघडलं. हाताने घेतलेलं माप भरा. माप कोणी घेतलं?

"काय लिहू?" भाचीने विचारलं.

"मी घेतलं म्हणून लिही."

"मावशी, ती समुद्राच्या पलीकडे आहे."

"असू दे की."

भाचीने लिहिलं.

झगा शिवायला काकूंना सहा दिवस लागले. एरवी दीड दिवसाचं काम. डाव्या खांद्यापासून त्यांनी एक रुंद पदर आडवा आणला, उजवीकडे कमरेशी बटणांनी मिटणारा, म्हणजे बघणाऱ्याला ती नुसती एक सुंदर घडी वाटावी. आत जुन्या धुतलेल्या मलमलीचं अस्तर. डावीकडच्या सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला काढून वरून पट्टीने झाकल्या, आत एकही दोरा अंगाला लागू नये म्हणून. काज हाताने केले. कात्रीचा खिसा डावीकडून उजवीकडे आणला. सोबत चिठ्ठी नाही, खुलासा नाही. कंडक्टरांनी गाठ मारली, पण या खेपेला 'पुढे सरका' म्हटलं नाही.

मग वाट बघणं. दोन आठवडे गेले, तीन गेले. झगा पोचल्याची खूण आली, पण पलीकडून एक शब्द नाही. भाची रोज सकाळी फोन बघायची आणि ठेवून द्यायची. काकू मशीनवर बसायच्या, पण मशीन चालू झालं तरी खोली रिकामीच राहायची. चार नंबर नाहीत, अकरा नंबर नाहीत. "गाडी डेपोत लागली वाटतं," कंडक्टर एकदा म्हणाले, पण बायकोचा चेहरा बघून पुढचा विनोद त्यांनी गिळला. काकूंना वाटायचं, आपण काय म्हणून कुणाच्या न सांगितलेल्या दुखण्यात हात घातला. बहिणीला देता आलं नाही ते परक्या बाईच्या अंगावर नेऊन घातलं. तिला ते नको असेल. तिला अगदी सगळ्यांसारखाच झगा हवा असेल.

चौथ्या आठवड्यात निरोप आला : सतरा नंबर शिंप्याशी समोरासमोर बोलू इच्छितात.

"परत करायचा असेल," काकू म्हणाल्या.

"परत करायला बोलावं लागत नाही. नुसतं बटण दाबायचं असतं," भाची म्हणाली.

ठरल्या वेळी भाचीने फोन आरशाच्या चौकटीला टेकवून उभा केला. कंडक्टर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही. न जाणो, कडेला कुठेतरी दिसलो तर."

पडदा उजळला. साठीच्या एक उंच बाई समोर उभ्या होत्या. केस अगदी बारीक, नुकते उगवू लागलेले, करडे. निळा झगा अंगावर. मागे एक मोठी खिडकी आणि खिडकीत नुसतं आभाळ. कुठल्यातरी खूप वरच्या मजल्यावरचं घर असणार. बाग नव्हती. खिडकीच्या कठड्यावर तीन कुंड्या होत्या, आणि झग्याच्या खिशातून कात्रीच्या मुठी डोकावत होत्या. काकूंनी तीन वर्षं राखलेली बाग त्या क्षणी गेली, पण तिचं त्यांना काही वाटलं नाही. त्या खांदे बघत होत्या. उजवा किंचित खाली. त्याच त्या.

बाई बोलल्या आणि मागोमाग यंत्राचा आवाज आला, जाड, पुरुषी. "नमस्कार. मी आलो आहे."

कंडक्टरांना हसू आवरेना म्हणून ते आत गेले.

"मला सांगायचं होतं," यंत्र म्हणालं, "मी मापाच्या वेळी फसवायला बघत होतो. दोन वेळा आत टॉवेल घालून उभा राहिलो. ती मापं पाठवली नाहीत. तिसऱ्या वेळी कंटाळा आला. म्हटलं, यंत्र तर आहे. कोण बघतंय." बाई थांबल्या. यंत्रही थांबलं. "तुम्ही बघितलं."

उत्तर द्यायचं म्हणून काकूंनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "हात वर करा बघू."

बाईंनी हात वर केले. उजवा पूर्ण गेला. डावा खांद्याच्या जरा वर. मापापेक्षा दोन बोटं जास्तच, काकूंच्या लगेच ध्यानात आलं. पण त्याचबरोबर बगलेपासून दुसऱ्या बटणापर्यंत कापडावर एक तिरकी सुरकुती उठली.

"चुकलं," काकू म्हणाल्या. "मुंढ्याखाली अर्धा इंच जास्त आहे."

यंत्राने 'मुंढ्या'चं काय केलं कोण जाणे, बाईंनी हात डोक्यावर नेऊन केस चाचपले. मग म्हणाल्या, "असू द्या. मला आवडला आहे. मी रोज घालतो."

"असू द्या कसं? माझ्या हातचा आहे तो. टाचण्या आहेत का घरात?"

बाई आत गेल्या, कुठेतरी खण उघडले-मिटले, आणि एका बशीत टाचण्या घेऊन आल्या. कुठे लावू, त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं. बाईंना कळेना. पुन्हा सांगितलं. यंत्र बरगडीला कुंपण म्हणालं, बगलेला भलतंच काही. शेवटी काकूंनी भाचीला खूण केली, त्याचं तोंड बंद कर.

खोली शांत झाली. काकूंनी टेबलावरची टाचण्यांची डबी घेतली आणि फोनसमोर, आरशासमोर, नीट उभ्या राहिल्या. अंगात त्यांचा रोजचा ढगळ झगा होता. त्यांनी उजव्या तळव्याने आपली डावी छाती दाबून सपाट केली, वरचं कापड चिमटीत धरून बगलेकडे ओढलं आणि पहिली टाचणी लावली. पलीकडच्या बाईंनी बशीतून टाचणी उचलली आणि उजवीकडे नेली. काकूंनी मान हलवली. आपल्या डाव्या बाजूवर हात थोपटला. बाईंनी स्वतःकडे बघितलं, हात बदलला, आणि डावीकडे लावली.

दुसरी टाचणी, एक बोट खाली. पलीकडेही एक बोट खाली. तिसरी जरा तिरकी, बरगडीच्या रेषेने. काकू हळूहळू लावत होत्या, समोरचीला टोचणार नाही इतक्या हळू, आणि खिडकीतल्या आभाळापुढे त्या उंच बाई तसंच करत होत्या, ओठ मिटून, एका वेळी एक. चौथी. पाचवी. दोघींच्या मधे आता एकही शब्द नव्हता.

भाची मागे उभी होती. आधी ती फोन बघत होती. मग तिची नजर आरशात गेली. आरशात, डावी बाजू सपाट करून घेतलेली, आईसारखी मान जराशी झुकवलेली जी बाई उभी होती, तिच्याकडे ती बघत राहिली. डबीत मोजक्याच टाचण्या होत्या; त्या संपत आल्या तेव्हा तिने पुढे होऊन नवीन पुडी फोडली आणि एकेक टाचणी मावशीच्या हातात द्यायला लागली.

सातव्या टाचणीनंतर बाईंनी पुन्हा हात वर केले. सुरकुती नव्हती. त्या स्वतःच्या डाव्या कुशीवरून तळवा खालपर्यंत नेत राहिल्या, कापड बघावं तसा. मग त्यांनी फोनकडे बघून मान लववली, आणि काकूंनीही. पडदा मावळला.

काकू तशाच उभ्या होत्या.

"मावशी," भाचीने थोड्या वेळाने विचारलं, "काढू टाचण्या?"

"थांब. आधी माप उतरवून घेऊ. सतरा नंबरच्या पुढच्या झग्याला लागेल." त्यांनी गळ्यातला टेप काढून भाचीच्या हातात दिला. "तू घे."

भाचीने इतक्या वर्षांत या खोलीत टेप हातात धरला नव्हता. तिने तो मावशीच्या पाठीमागून आणला, पुढे डावीकडे टेकवला आणि आकडा वाचायला वाकली. काकूंनी तिच्यासाठी हात जरा वर धरले. आकडा लगेच दिसत नव्हता. दोघींनीही घाई केली नाही.